संदेश द्यावा, पण आपल्याच आवाजात

आज आपण जरा नाजूक विषय घेतला आहे. ख्रिस्ती मंडळीत जिला संदेष्ट्याची सेवा म्हणतात, ती सहजपणे आणि खरेपणाने कशी करायची, हा तो विषय.

पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात हा प्रश्न नुसता अभ्यासाचा नाही. इथे एमआयडीसीत कंत्राटावर राबणारी माणसं आहेत. रविवारची उपासनासुद्धा शिफ्ट बघून ठरते. समजा, अशा एका माणसाच्या डोक्यावर हात ठेवून कोणी म्हणालं, "प्रभू म्हणतो, तीन महिन्यांत तू पर्मनंट होशील." तो माणूस ते वाक्य घरी घेऊन जातो. त्याच्या भरवशावर कर्ज काढतो, गावाकडे शब्द देऊन बसतो. तीन महिने जातात, काहीच घडत नाही. मग त्यालाच ऐकवलं जातं, "तुझा विश्वास कमी पडला." म्हणजे चुकला बोलणारा आणि दंड भरला ऐकणाऱ्याने! आज आपल्याला बोलायचंय ते यावर.

आधी शब्द नीट समजून घेऊ. संदेष्टा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भविष्य सांगणारा येतो. पण पवित्र शास्त्रातला संदेष्टा मुख्यतः देवाचं म्हणणं लोकांपुढे मांडणारा आहे. पुढे काय होणार हे तो कधी सांगतो, पण बहुतेक वेळा आज काय चाललंय हेच दाखवतो. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय उघडून बघा. संदेशाची तीन कामं तिथे सांगितली आहेत: माणसाला उभं करणं, धीर देणं, सांत्वन करणं. यात धाक दाखवणं नाही आणि लग्न जुळवणंही नाही.

आता सहजपणाकडे येऊ. आमोस हा तकोवाचा मेंढपाळ, उंबरांची निगा राखणारा. बेथेलच्या याजकाने त्याला हाकललं तेव्हा त्याने स्पष्ट सांगितलं, की मी धंदेवाईक संदेष्टा नाही आणि संदेष्ट्याच्या घरातलाही नाही. कळपामागून देवाने मला उचललं. त्याचं बोलणं ऐका. खोटी मापं, तराजूतली लबाडी, जोड्याच्या किमतीला विकला जाणारा गरीब. ही बाजारातली भाषा आहे. त्याला वेगळा आवाज काढावा लागला नाही.

आपल्याकडे मात्र काय होतं? चहा पिताना साधं बोलणारा भाऊ माइक हातात आला की आवाज चढवतो, थरथरतो, प्रत्येक वाक्याला "प्रभू म्हणतो" जोडतो. भावना खरी असेल, आम्ही तिची थट्टा करत नाही. पण पौल त्याच अध्यायात सांगतो, की संदेष्ट्याचा आत्मा संदेष्ट्याच्या ताब्यात असतो. म्हणजे थांबता येतं, दुसऱ्याला बोलू देता येतं. "मला आवरलंच नाही" ही सबब तिथे चालत नाही.

आणि "प्रभू म्हणतो" या दोन शब्दांचं वजन ओळखा. ते उच्चारले की समोरच्याचं तोंड बंद होतं. देवाला नाही कसं म्हणणार? त्यापेक्षा असं म्हणून बघा: "ताई, प्रार्थना करताना तुमच्याविषयी एक गोष्ट मनात आली. सांगू का? तुम्ही ती पारखून घ्या." संदेश खरा असेल तर एवढ्याने तो दुबळा होत नाही. खोटा असेल तर ताई वाचतात.

पारखणं हा अविश्वास नाही, तो सेवेचाच भाग आहे. दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी तोलावं, असा पौलाचा नियम आहे. थेस्सलनीकेच्या मंडळीला तो सांगतो, की संदेशांना तुच्छ मानू नका, पण सगळं पारखा आणि चांगलं ते धरून ठेवा. दोन्ही एकत्र. आपण बहुधा एकच अर्धं उचलतो.

यिर्मयाची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. हनन्याने भर मंदिरात जाहीर केलं, की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जूही त्याने मोडून दाखवलं. लोकांना हवं होतं तेच तो बोलला. यिर्मया काय म्हणाला? आमेन, तसंच होवो. पण शांतीचा संदेश खरा की खोटा हे तो घडल्यावरच कळतं. जू मोडलं तेव्हा त्याच्यापाशी लगेच द्यायला उत्तर नव्हतं, म्हणून तो गुपचूप निघून गेला. देवाचं वचन नंतर मिळालं, तेव्हा परत आला. वचन नसेल तेव्हा गप्प राहता येणं, हीच खरेपणाची मोठी खूण.

दुसरी खूण म्हणजे संदेशातून निघणारं काम. प्रेषितांच्या कृत्यांत अगब नावाचा संदेष्टा अंत्युखियाला येतो आणि मोठा दुष्काळ पडणार असं सांगतो. तिथल्या शिष्यांनी तारखेचा अंदाज बांधत वेळ घालवला नाही. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे पैसे गोळा केले आणि यहूदीयातल्या भावांसाठी बर्णबा व शौल यांच्या हाती पाठवले. पैसा गरजूंकडे गेला, संदेष्ट्याकडे नाही!

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ साली गेले. पंथ तुमचा वेगळा असेल, तरी त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. त्यांनी अनेक वर्षं 'सुवार्ता' मासिक चालवलं, बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं आणि हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत वसईच्या जमिनीसाठी आणि पाण्यासाठी उभे राहिले. लेख, सभा, मोर्चा हीच त्यांची साधनं, आणि भाषा शेजाऱ्याला कळेल अशी. तराजूतली लबाडी दाखवणारा आमोस आणि वसईचं पाणी राखा म्हणणारा धर्मगुरू, दोघांचं काम एकाच जातीचं. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याचा प्रश्न मच्छीमार समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला. आपल्या प्रार्थनासभांत त्या खाडीविषयी कधी एखादा संदेश आला का? आम्ही स्वतःलाच हे विचारतो, आणि उत्तर देताना मान खाली जाते.

तेव्हा उद्यापासून काय करायचं? लग्न, औषध, पैसा आणि नोकरी सोडणं, या चार गोष्टींवर एकट्याने संदेश द्यायचा नाही. डॉक्टरांची गोळी बंद करा असं तर कधीच म्हणायचं नाही. बोललेलं लिहून ठेवायचं, पाळक आणि दोन जाणत्या माणसांना दाखवायचं. आणि चुकलो तर त्याच माणसाच्या घरी जाऊन म्हणायचं, "भाऊ, ते माझ्या मनातलं होतं, देवाचं नव्हतं. मला माफ करा."

हे वाक्य ज्या मंडळीत मोकळेपणाने बोलता येतं, तिथे संदेशाची सेवा जिवंत राहते. जिथे ते कधीच ऐकू येत नाही, तिथे कंत्राटी कामगाराने आपलं कर्ज आणि आपला विश्वास दोन्ही जरा सांभाळूनच न्यावं.