सदतीस दिवस : पहिले महायुद्ध कसे पेटले?

वाचकहो, दोन भाऊबंदांचे बांधावरून वाजले, तर त्याची झळ फार तर शेजारच्या चार घरांना लागते. पण २८ जून १९१४ रोजी युरोपातील साराजेव्हो शहरात पिस्तुलाच्या दोन गोळ्या सुटल्या आणि त्यांची झळ सातारा-रत्नागिरीकडील घरांनाही लागली. हे कसे झाले, ते आज पाहू. शिक्षक मंडळींनी शक्य तर जगाचा नकाशा भिंतीवर लावावा, म्हणजे गोष्ट लवकर ध्यानात येईल.

साराजेव्हो हे बोस्निया प्रांताचे मुख्य शहर. हा प्रांत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याने १९०८ साली आपल्या राज्याला जोडून घेतला होता. शेजारच्या सर्बिया देशाला आणि बोस्नियातील सर्ब तरुणांना ते सलत होते. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड त्या दिवशी पत्नीसह तेथे आला असता, गाव्रिलो प्रिन्सिप नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने दोघांनाही गोळ्या घातल्या. पिस्तुले सर्बियातून आली होती. झाले, ऑस्ट्रियाला निमित्त सापडले.

आता तुम्ही म्हणाल, हे भांडण ऑस्ट्रिया आणि सर्बियाचे. त्यात जगाचे काय? खरी मेख इथेच आहे. युरोपातील मोठ्या राष्ट्रांनी एकमेकांशी आधीच वचने बांधून ठेवली होती. ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी, सर्बियाच्या पाठीशी रशिया आणि रशियाच्या पाठीशी फ्रान्स. इंग्लंडचा ओढा फ्रान्स-रशियाकडे. सरपण रचून तयार होते. ठिणगी तेवढी पडायची होती.

जुलैच्या आरंभी जर्मनीने ऑस्ट्रियाला कळवले की, तुम्ही जे कराल त्याला आमचा पाठिंबा आहे. त्या बळावर ऑस्ट्रियाने २३ जुलैला सर्बियाला कडक मागण्यांचा खलिता धाडला आणि उत्तराला मुदत दिली अवघी अठ्ठेचाळीस तासांची. सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या. मात्र आपल्या भूमीवरील चौकशीत ऑस्ट्रियाचे अधिकारी बसवायला नकार दिला. एवढ्यावर ऑस्ट्रियाने २८ जुलैला युद्ध पुकारले.

३० जुलैला रशियाने आपली सारी फौज सज्ज करण्याचा हुकूम काढला. इथे जर्मनीची अडचण पाहा. तिच्या पूर्वेला रशिया, पश्चिमेला फ्रान्स. दोघांशी एकाच वेळी लढण्याची पाळी येऊ नये म्हणून जर्मन सेनापतींनी कैक वर्षे आधी बेत आखला होता. रशिया अवाढव्य, त्याची फौज जमायला वेळ लागणार. तेवढ्या अवधीत, साधारण सहा आठवड्यांत, फ्रान्सला लोळवायचे आणि मग पूर्वेकडे वळायचे. कोणती आगगाडी किती वाजता सुटायची हेही ठरलेले! अशा बेतात थांबून विचार करायला जागा नसते. रशियाने तयारी सुरू करताच जर्मनीला एकेक दिवस जड झाला. तिने १ ऑगस्टला रशियाशी आणि ३ ऑगस्टला फ्रान्सशी युद्ध पुकारले. भांडण सर्बियाचे आणि फौजा निघाल्या पॅरिसकडे!

फ्रान्सच्या सरहद्दीवर भक्कम किल्ले होते. ते टाळायला जर्मनीने छोट्या बेल्जियमकडे वाट मागितली. बेल्जियमने ती नाकारली. ४ ऑगस्टला जर्मन फौजा आत घुसल्या. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात इंग्लंडने दिली होती. शिवाय समोरचा किनारा बलाढ्य जर्मनीच्या हाती जाणे इंग्लंडला परवडणारे नव्हते. त्याच रात्री इंग्लंड युद्धात उतरले. साराजेव्होच्या गोळ्यांना तेव्हा सदतीस दिवस झाले होते.

सहा आठवड्यांचा हिशेब मात्र फसला. सप्टेंबरात मार्न नदीकाठी फ्रेंच आणि इंग्रज फौजांनी जर्मनांना अडवले. मग दोन्ही बाजूंनी जमिनीत चर खणले. स्वित्झर्लंडपासून समुद्रापर्यंत सुमारे सातशे किलोमीटर लांबीची ही चरांची रांग पुढे तीन वर्षांहून अधिक काळ फारशी हलली नाही. माणसे मात्र लाखांनी मेली.

इकडे वणवा पसरतच होता. चीनच्या किनाऱ्यावरील जर्मनांचे बंदर घ्यायला ऑगस्टातच जपान उतरला. ऑक्टोबरअखेर तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने आला. इटली खरे तर जर्मनी-ऑस्ट्रियाचा दोस्त. पण प्रदेशाच्या आशेने मे १९१५ मध्ये तो उलट बाजूला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बल्गेरिया जर्मनीला मिळाला.

आणि आपला देश? इंग्लंडने युद्ध पुकारले म्हणजे हिंदुस्थानानेही पुकारले, असाच तेव्हाचा कारभार. इथल्या माणसाला कोणी विचारले नाही. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी पलटणी फ्रान्सच्या मार्सेल्स बंदरात उतरल्या. त्याच महिन्यात ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या. नोव्हेंबरात हिंदी फौजेने इराकमधील बसरा घेतले. इराणच्या तेलाची राखण हा त्यामागचा एक हेतू. बसऱ्याकडे गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच मुळी ‘पूना डिव्हिजन’, आणि तीत मराठा पलटणी होत्या. बगदादकडे निघालेली ही फौज नोव्हेंबर १९१५ मध्ये अडली, मागे हटली आणि डिसेंबरात टायग्रिस नदीच्या वळणावरील कुत गावी वेढ्यात सापडली. अन्न संपले, घोडे कापण्याची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शत्रूच्या हाती पडली. त्यांतील कितीतरी वाळवंटातील पायपिटीत आणि कैदेत मेली.

सह्याद्रीच्या कुशीतल्या शेतकऱ्याच्या पोराचे ऑस्ट्रियाशी वा सर्बियाशी काय वैर होते? काहीच नाही. ठरवणारे निराळे आणि मरणारे निराळे, हे या युद्धाचे खरे रूप. त्या सदतीस दिवसांत ‘थोडे थांबू, बोलू’ असे म्हणण्याची संधी प्रत्येक राजधानीला होती. पण आपण थांबलो तर दुसरा पुढे जाईल, या भयाने सारे धावत सुटले.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावी या युद्धात पडलेल्या गावकऱ्यांचे स्मारक आहे. अशा नोंदी असलेले दगड इतरही गावांत आढळतात. तुमच्या गावात तसा दगड असेल, तर गुरुजी, मुलांना तो एकदा जरूर दाखवा. मग पुन्हा नकाशासमोर उभे करून साराजेव्होवर बोट ठेवायला सांगा. दोहोंमधले अंतर त्यांना जे शिकवील, ते पुस्तकाच्या दहा पानांतून शिकवून होणार नाही.