दशांश चिन्हापुढची गंमत

कॅल्क्युलेटर क्षणात एकक बदलून देतो आणि सोबत आठ-दहा अंकही देतो. त्यातले विश्वासाचे किती? मूळ मोजणीत होते तेवढेच! विज्ञानात त्यांना ‘सार्थ अंक’ म्हणतात. त्यांच्या या सहा गमती.

एव्हरेस्टचे वरचे दोन फूट
१८५६ साली एव्हरेस्टची उंची जाहीर झाली २९,००२ फूट. गणितातून नेमके २९,००० आले होते; पण एवढी गोल संख्या लोकांना अंदाजपंचे वाटेल म्हणून दोन फूट वाढवले, असं सांगतात. शून्यंसुद्धा मोजून आलेली असू शकतात!

तापाचा ९८.६
जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ साली शरीराचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस मांडलं. फॅरनहाइटमध्ये त्याचे ९८.६ झाले आणि दशांश चिकटला तो कायमचा. प्रत्यक्षात निरोगी माणसाचं तापमानही दिवसभरात खाली-वर होत असतं.

चेंडूचे १५५.९ ग्रॅम
पुरुषांच्या क्रिकेटचा नवा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा हवा. असे अडनिडे आकडे का? कारण मूळ माप आहे साडेपाच ते पावणेसहा औंस.

मॅरेथॉनचे १२ मिलिमीटर
१९०८च्या लंडन ऑलिंपिकमधलं अंतर होतं २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९४९८८ किलोमीटर. आज ४२.१९५ धरतात. फरक १२ मिलिमीटर; धावणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही.

गुंठा म्हणजे आर नव्हे
३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०१.१७ चौरस मीटर. सातबाऱ्यावरचा आर मात्र १०० चौरस मीटरचा. दोन्ही एकच धरले, तर एकरामागे सुमारे ५०० चौरस फुटांचा फरक पडतो!

तोळ्याचं वजन घटलं
जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा सराफी तोळा १० ग्रॅमचा. जुन्या चिठ्ठीतले पाच तोळे म्हणजे ५८.३ ग्रॅम सोनं, ५० नव्हे.

लक्षात ठेवा
हिशेब चालू असताना अंक कापू नका. उत्तर लिहिताना मूळ मोजणीला शोभतील तेवढेच ठेवा. १९५९च्या करारापासून इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, त्यात तसूभरही फरक नाही. तरी ५ फूट ६ इंच उंचीचे १६७.६४ सेंटिमीटर आले, तर खुशाल १६८ लिहा. तेच जास्त प्रामाणिक उत्तर आहे.