जलंब–खामगाव, प्रमाण १:८७

शेगावच्या आनंद सागर उद्यानात धावलेली मुलांची आगगाडी आणि पुण्यात कोथरूडच्या जोशी लघुरेल संग्रहालयातल्या गाड्या सर्रास एकाच माळेत ओवल्या जातात. आनंद सागरची गाडी आकाराने कितीतरी मोठी, तरी खेळणे तीच. कारण तिचे माप आत बसणाऱ्या मुलांवरून ठरते. प्रतिकृतीचे माप खऱ्या रेल्वेवरून ठरते. १:८७ हे प्रमाण एकदा धरले की साडेतेवीस मीटरचा डबा २७ सेंटिमीटरचा होतो आणि खिडकी, पायरी, बफर सगळ्यांना तोच भागाकार लागतो.

यावर कोणी म्हणेल, प्रतिकृतीतही तडजोड असतेच. असतेच. कापसाच्या वाहतुकीसाठी १८७० साली सुरू झालेला जलंब–खामगाव फाटा जेमतेम १३ किलोमीटरचा. पण १:८७ मध्येही त्याला सुमारे दीडशे मीटर जागा हवी, म्हणून मधले शिवार गाळावे लागते. दुसरी अडचण अधिक बारीक आहे. या प्रमाणाचे बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे, म्हणजे युरोपातल्या १४३५ मिलिमीटर रुंदीवर बेतलेले असतात. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला जवळपास १९.३ हवेत. त्यामुळे भारतीय डब्याची चाके आत ओढल्यासारखी दिसतात. पण ही उणीव पावणेतीन मिलिमीटरची आहे, हे मोजून सांगता येते. खेळण्याला असा हिशेब विचारताच येत नाही, आणि त्यात कमीपणाही नाही: मुलाला आत बसवून फिरवणे १:८७ च्या गाडीला कधीच जमणार नाही. जलंब जंक्शन उभारणाऱ्याने मात्र फलाट खुशाल आखूड करावा, खामगावकडे वळणाऱ्या रुळाची बाजू बदलू नये.