परत बोलावलेल्या गाड्या आणि आपले गॅरेजवाले

नाशिकहून निघाले की सावळघाट आणि कोटंबीचा घाट ओलांडून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर पेठ येते. तोच रस्ता पुढे कपराड्यावरून वापीकडे जातो. नागली, वरई, भात आणि आंबा खाली-वर नेणारे पिकअप, करंजाळीच्या बाजाराला जाणाऱ्या जीपा आणि वापीहून माल आणणारे व्यापारी यांची या रस्त्यावर रोजची ये-जा असते. यातल्या बहुतेक गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताच्या असतात. आजचा विषय त्यांच्याच संबंधीचा आहे.

मागच्या पावसाळ्यात आम्ही पेठच्या एका गॅरेजात चहा घेत बसलो होतो. एक किराणा व्यापारी आपली जुनी सात आसनांची गाडी घेऊन आले. नुकतीच विकत घेतलेली. तक्रार एवढीच की हॉर्न मध्येच वाजतो, मध्येच मुका होतो. उस्तादांनी चावी फिरवली, डॅशबोर्डकडे पाहिले आणि हॉर्नऐवजी भलतेच विचारले, "शेठ, एअरबॅगचा दिवा कधी लागलेला पाहिलात का?"

"नाही उस्ताद, कधीच लागत नाही. म्हणजे ठीकच आहे ना?"

"ठीक कसं? चावी फिरवली की तो लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. हा लागतच नाही. कोणीतरी त्याचं तोंड बंद करून ठेवलंय."

हॉर्न आणि एअरबॅग यांचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. आम्हालाही वाटले होते. स्टेअरिंगचे चाक फिरते, पण त्याखालचा दांडा ज्या नळीत असतो ती फिरत नाही. मग फिरत्या चाकातल्या एअरबॅगला आणि हॉर्नच्या बटणाला वीज पोहोचवायची कशी? त्यासाठी चाकाखाली एक चपटी पट्टी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून ठेवलेली असते. चाक वळेल तशी ती उलगडते आणि परत गुंडाळली जाते. तिला स्पायरल केबल म्हणतात, कोणी क्लॉक स्प्रिंगही म्हणतात. ती तुटली की हॉर्न बंद पडू शकतो, आणि त्याच वेळी ड्रायव्हरची एअरबॅगही निकामी होऊ शकते. हॉर्न बंद पडलेला लगेच कळतो, एअरबॅगचे मात्र अपघात झाल्यावरच कळते. म्हणून तो दिवा ठेवलेला असतो.

नेमक्या याच पट्टीपायी एप्रिल २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे ६४ लाख गाड्यांच्या तपासणीची घोषणा केली होती. त्यात स्पायरल केबलखेरीज आणखीही दोष होते. भारतात फेब्रुवारी २००५ ते डिसेंबर २००८ या काळात तयार झालेल्या ४४,९८९ इनोव्हा गाड्या तपासायचे ठरले. स्टेअरिंग फिरताना ही केबल खराब होऊन ड्रायव्हरच्या एअरबॅगची जोडणी तुटण्याची शक्यता आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. आपल्या भागात लग्नाच्या वऱ्हाडापासून अजमेरच्या प्रवासापर्यंत इनोव्हा किती चालल्या, हे वाचकांना सांगायला नको. त्या सालांच्या गाड्या आजही अधूनमधून विकायला निघतात.

अशी परत बोलावणी एकाच कंपनीची होते असे नाही. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्या एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी परत बोलावल्या. त्यात आपल्या व्यापाऱ्यांची आवडती ईको होती, आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका असेही कंपनीने सांगितले होते. महिंद्राने २०२१ मध्ये २९,८७८ पिकअप एका द्रव वाहून नेणाऱ्या पाइपच्या जोडणीसाठी तपासायला घेतल्या. त्याच वर्षी दूषित इंधनाच्या शंकेवरून त्यांच्या नाशिकच्या कारखान्यातल्या सुमारे ६०० गाड्याही तपासल्या गेल्या. गाडी परत बोलावली म्हणजे कंपनी बुडाली किंवा गाडी भंगार झाली असे काही लोक समजतात आणि घाईघाईने कवडीमोलाने विकून टाकतात. हा गैरसमज आहे. दोष कबूल करून फुकट दुरुस्त करून देणारी कंपनी गप्प बसणाऱ्या कंपनीपेक्षा बरी.

आपल्याकडे पूर्वी हे सारे स्वखुशीचे होते. वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने पाळायचा नियम केला. सक्ती आली ती २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने. कलम ११० क म्हणून जी तरतूद इंग्रजीत ११०-ए या नावाने ओळखली जाते, तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सरकारला सक्तीने गाड्या परत बोलवायला लावावे लागले तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे. पेठेच्या रस्त्यावर धावणाऱ्या किती गाड्या सात वर्षांच्या आतल्या असतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

खरी गोम पुढेच आहे. परत बोलावणीचे पत्र जाते ते कंपनीच्या वहीत नाव असलेल्या मालकाला. त्याने गाडी विकली, नव्याने तिसऱ्याला दिली, फोन नंबर बदलले. शेवटच्या मालकाला कोणी विचारतही नाही. शिवाय काम फुकट असले तरी पेठच्या माणसाला नाशिकच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत जाण्यायेण्याचे डिझेल आणि दिवसभराचे भाडे खिशातून घालवावे लागते. हे सहसा कंपनी भरून देत नाही. म्हणून लोक चालढकल करतात, आणि त्यांना सरसकट बेफिकीर म्हणायला आमची जीभ रेटत नाही. तरीही एक दिवसाचे भाडे आणि घाटातली एक धडक यांची तुलना होत नाही, हेही खरे.

जुनी गाडी घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. चावी फिरवताच एअरबॅगचा दिवा लागून विझतो की नाही. काही लबाड लोक त्या दिव्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडतात, त्यामुळे दोन दिवे एकदम लागून एकदम विझतात, तेही बघावे. आरसी बुकातला चेसिस नंबर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सांगून या गाडीचे काही परत बोलावणीचे काम बाकी आहे का, हे विचारावे. सौदा ठरण्याआधी विचारले तर भावही खाली आणता येतो.

आता आपल्या कारागिरांसाठी. एअरबॅगच्या वायरी आणि जोड सहसा पिवळे असतात. तो रंग उगाच दिलेला नाही. पिशवीमागे दारूसारखा जळणारा मसाला असतो. स्टेअरिंग उघडण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि दीड मिनिट तरी थांबावे, कारण कंट्रोलरमध्ये वीज साठून राहते. पिशवीच्या वायरीला टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावू नये, तेवढ्या विजेनेही ती फुटू शकते. नवी केबल बसवताना ती मध्यावर आणूनच बसवावी, नाहीतर पूर्ण वळणावर तुटते. गिऱ्हाईक कितीही म्हणाले तरी रेझिस्टर लावून दिवा विझवून देऊ नये. पन्नास रुपयांचे काम, आणि उद्या अपघात झाला तर बोट आपल्याच गॅरेजकडे.

सीट कव्हर शिवणाऱ्या भावांनीही एक ध्यानात ठेवावे. काही गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते आणि ती शिवण फाडून बाहेर येते. अशा सीटवर जाड रेक्झिनचे सरसकट कव्हर घट्ट शिवले तर पिशवी अडते. सीटच्या बाजूला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली दिसली की तेवढा भाग मोकळा सोडावा किंवा त्यासाठी बनवलेलेच कव्हर वापरावे. भंगारवाल्यांनी न फुटलेली पिशवी असलेले स्टेअरिंग गॅसने कापू नये. आणि गाडी चालवणाऱ्यांनी, एअरबॅग आहे म्हणून पट्टा सोडू नये, मांडीवर मूल घेऊन पुढे बसू नये. पट्ट्याशिवाय हीच पिशवी इजा करते.

त्या किराणा व्यापाऱ्यांचे काय झाले ते सांगायचे राहिले. उस्तादांनी डॅशबोर्ड उघडला तर दिव्याच्या जागी बल्बच नव्हता. नवा बसवताच दिवा लागला आणि लागूनच राहिला. चेसिस नंबरवरून विचारणा केली, पण त्या गाडीवर कोणतीही परत बोलावणी निघाली नव्हती. केबलचा खर्च त्यांनाच करावा लागला. विकणाऱ्याला त्यांनी फोन केला, तर "मला घेतली तेव्हाही दिवा लागत नव्हता" एवढेच उत्तर मिळाले.