कोळंबीचं बीज घेताना मादीच्या खुराकाची चौकशी करा

पाचोरा तालुक्यात आता बऱ्याच शेतांत शेततळी दिसतात. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, त्यातूनही अनेकांनी तळी खोदली. रोहू-कटला सोडणारे काही भाऊ आता झिंग्याचा, म्हणजे कोळंबीचा विचार करतात, कारण भाव जास्त मिळतो. (झिंगा खाण्याबाबत हनफी उलेमांत मतभेद आहेत, शाफई मसलकात तो जायज आहे. तो मसला आपल्या आलिमांना विचारावा. इथे बोलायचं आहे ते पालनाबद्दल.)

आपल्या तळ्यात चालते ती गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी. पण तिची पिल्लं सुरुवातीला मचूळ, खारट पाण्यातच जगतात. म्हणून आपल्या तळ्यात बीज तयार होत नाही, ते हॅचरीतून आणावं लागतं. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत कित्येक तासांचा प्रवास, मग नवं पाणी, दिवसा ऊन आणि रात्री गारवा. या ताणात कमजोर पिल्लं पहिल्या काही दिवसांतच मरतात. मेलेलं बीज तळाशी जातं, डोळ्यांना दिसत नाही. खाद्याचा खर्च मात्र चालू राहतो आणि नुकसान कळतं ते थेट जाळं ओढल्यावर.

काही पिल्लं ताण सोसतात, काही सोसत नाहीत, असं का? त्याचं एक कारण आईच्या खुराकात आहे. मादी जवळपास तीन आठवडे अंडी पोटाखाली बाळगते. अंड्यातला बलक हीच पिल्लाची शिदोरी. बाहेर आल्यावरही पहिला दिवस ते त्यावरच काढतं. बलकात काय उतरणार, हे मादीने काय खाल्लं यावर ठरतं.

यात ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्लं महत्त्वाची. पेशींची आवरणं त्यांच्यापासून बनतात आणि कल्ल्यांचं कामही या आवरणांवरच चालतं. कोळंबीला ही स्निग्धाम्लं स्वतःच्या शरीरात पुरेशी बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच मिळावी लागतात. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ साली याच जातीच्या माद्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. खुराकात ही स्निग्धाम्लं भरपूर असलेल्या माद्यांची अंडी जास्त उबली आणि पिल्लांनी पाण्यातला अमोनियाही जास्त सहन केला. म्हणूनच चांगल्या हॅचरीत माद्यांना कोरड्या गोळी खाद्यासोबत माकूल, शिंपल्याचं मांस असा ताजा खुराक देतात.

केळीची रोपं घेताना आपण मातृवृक्ष कुठला, हे विचारतोच ना? तसंच इथेही विचारा: माद्यांना काय खाऊ घालता? ताजं खाद्य किती वेळा देता? मग थोडं बीज टबात घेऊन पाणी हाताने गोल फिरवा. दमदार पिल्लं प्रवाहाच्या उलट पोहतात किंवा कडेला धरून राहतात, कमजोर मधोमध गोळा होतात. मधोमध ढीग दिसला तर ते बीज घेऊ नका.

घरी आणल्यावर पिशवी लगेच फोडू नका. पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगू द्या, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी तिच्यात मिसळा.

आईचा खुराक चांगला असला म्हणून तळ्यातली घाण किंवा ऑक्सिजनची कमतरता भरून निघत नाही. ती मेहनत आपलीच. पण कमजोर बीज एकदा तळ्यात गेलं, तर पुढच्या कितीही महागड्या खाद्याने ती कसर भरून निघणं कठीण.