बोनस म्हणायचं की बक्षिसी?

दिवाळी जवळ आली की बँकेच्या काउंटरवर वेगळीच गर्दी उसळते. कारखान्यात नोकरीला असलेली माणसं बोनसचे चेक भरायला येतात आणि त्यांच्या बोलण्यात मुलांचे कपडे, फराळ, गावाकडची वाट असं सगळं असतं. १९९१ च्या दिवाळीत माझ्या टेबलापाशी असाच एक पन्नाशीचा माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या हातात मात्र चेक नव्हता, मिठाईचा खोका होता.

तेव्हा मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी कर्जविभाग पाहत होतो. गावातल्या एका वाहतूकदाराचे चौदा ट्रक आमच्या कर्जावर धावत होते. जाताना गूळ-साखर, येताना लोखंड किंवा सिमेंट. पाच ट्रक मालकाच्या नावावर, पाच पत्नीच्या आणि चार धाकट्या भावाच्या. तीन फर्म, तीन ताळेबंद. हप्ते वेळेवर येत होते. तिन्ही खात्यांची शिफारस माझ्याच सहीने गेली होती.

आलेला माणूस त्यांचा ड्रायव्हर. सगळे त्याला मामा म्हणत. “साहेब,” तो म्हणाला, “बोनस मागितला तर मालक म्हणतात, आपल्याला कायदा लागू नाही. पाचशे रुपये आणि हा खोका दिला. आज मी मालकांच्या गाडीवर असतो, उद्या वहिनींच्या, परवा धाकट्या मालकांच्या. तुमच्याकडं कागद आहेत. सांगा, आम्ही नोकर कुणाचे?”

प्रश्न साधा होता, पण नेमका वर्मावर बोट ठेवणारा. १९६५ चा बोनस कायदा कारखाने सोडून इतर आस्थापनांना लागू होई तो वीस किंवा अधिक माणसं कामाला असतील तर. एका ट्रकवर ड्रायव्हर आणि क्लीनर धरले तर चौदा ट्रकवर अठ्ठावीस माणसं होतात. पण तीन फर्ममध्ये विभागली की दहा, दहा आणि आठ! वीसचा आकडा कुठंच गाठला जात नाही. अशा वेळी मालकी, कारभार, पैसा आणि माणसांची अदलाबदल यांवरून आस्थापना खरोखर वेगळ्या आहेत की एकच, हे न्यायालयं पाहतात. मामाने नकळत त्यातला महत्त्वाचा पुरावाच सांगितला होता.

मी काय केलं? “ग्राहकाच्या खात्याबद्दल आम्हांला बोलता येत नाही,” असं म्हणालो. ते खरंच होतं. पण कायदा काही गुप्त नव्हता. तो कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात मिळत होता. ‘कामगार अधिकाऱ्याकडे जा, गाड्या कशा बदलतात ते सांगा,’ एवढं वाक्य बोलायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. त्याच आठवड्यात मी स्वतः सणाची उचल घेतली होती.

मालक दुष्ट नव्हते. डिझेल, टायर, परतीच्या मालाची वाट पाहत उभी राहिलेली गाडी आणि आमचा हप्ता या साऱ्यांत त्यांचीही ओढाताण होई. त्यांच्या मते बोनस म्हणजे खुशीचा मामला. ही समजूत जुनीच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी नफ्यातून बोनस दिला आणि पुढे तो थांबवला, तेव्हा १९२४ मध्ये मोठा संप झाला. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने कामगारांचा तसा हक्क मानला नाही. खुशीचा हक्क व्हायला १९६५ साल उजाडावं लागलं. १९७२ मध्ये किमान बोनस ८.३३ टक्के झाला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा.

ड्रायव्हरच्या बाबतीत १९६५ च्या कायद्यात आणखी एक मेख होती. हिशेब धरायचा तो मूळ पगार आणि महागाई भत्ता यांवर. खेपेचा भत्ता, खुराकी त्यात येत नसे. घर मात्र बरंचसं त्या भत्त्यावरच चालतं. २०१५ च्या दुरुस्तीने हिशेबाची मर्यादा महिना ७,००० रुपये किंवा किमान वेतन, यांपैकी जे जास्त असेल ते, अशी केली. ७,००० धरले तर वर्षाचा किमान बोनस साधारण ७,००० रुपयेच होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. आता बोनस थेट बँक खात्यात जमा करायचा आहे. वीस माणसांची अट मात्र तशीच आहे.

पुढच्या दिवाळीला मालकांनी प्रत्येकी हजार रुपये दिले. ड्रायव्हरांनी घेतले, पण पावतीवर ‘बक्षिसी’ लिहिलं होतं म्हणून मामाने सही केली नाही. “‘बोनस’ लिहा, मग सही करतो,” म्हणाला. मालकांनी लिहिलं नाही. ही हकीकत मालकांनीच मला हप्ता भरताना हसत सांगितली. मीही हसलो होतो.

आज ते हसू आठवलं की बरं वाटत नाही. कागद वाचणं हे माझं काम होतं, पण तो शब्द नीट वाचला तो मामाने.