धाकट्या लेकीचं घर

शिलाँगच्या मोठ्या बाजारात शिरलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते हे, की तराजू बाईच्या हातात आहे. भाजी, सुपारी, हळद, मासे... बहुतेक ठिकाणी विकायला बायकाच. गिऱ्हाईक त्यांना 'काँग' म्हणतं. काँग म्हणजे आपली ताई!

बचतगटातल्या आम्ही काही जणी मेघालयला गेलो होतो. बालाघाटाचे उघडे डोंगर पाहणाऱ्या आमच्या डोळ्यांना खासी टेकड्यांच्या हिरवाईने भुरळ घातलीच, पण मनात घर केलं ते तिथल्या रीतीने. खासी समाजात मुलांना आईच्या कुळाचं नाव लागतं. घराण्याचं घर धाकट्या लेकीकडे जातं आणि तिचा नवरा तिच्याकडे नांदायला येतो. म्हाताऱ्या आईवडिलांचा सांभाळ आणि अडलेल्या भावंडांना आसरा ही जबाबदारीही तिचीच.

चेरापुंजीच्या वाटेवर चहा देणाऱ्या एका काँगशी ड्रायव्हरच्या मदतीने गप्पा झाल्या. आमच्याकडची रीत ऐकून तिने विचारलं, "मुली घर सोडून जातात, मग म्हातारपणी आईला कोण बघतं?" आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो.

मैत्रिणींनो, तिथे सगळं बायकांचंच राज्य आहे असं मात्र नाही. घरात मामाचा शब्द मोठा आणि गावच्या दरबारात परंपरेने पुरुषच बसत आले. 2023 च्या निवडणुकीत विधानसभेच्या 60 जागांवर फक्त 3 स्त्रिया निवडून आल्या. उलट आपल्या हक्कांसाठी तिथल्या पुरुषांनी 1990 साली संघटना काढली!

तरीही एक फरक मोठा आहे. लेक तिथे परक्याचं धन नाही. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे मेघालयात 970 मुली होत्या. आपल्या बीड जिल्ह्यात होत्या 807, राज्यात सर्वांत कमी. सोनोग्राफी केंद्रांवर लक्ष हवंच, पण लेकीचा घरावरचा हक्क मान्य केल्याशिवाय ती नकोशीच राहणार.

कायदा आपल्या बाजूने आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, 2005 मध्ये तो देशभर झाला. तरी माहेर तुटेल या भीतीने किती जणी मुकाट्याने हक्कसोडपत्रावर सही करतात! आपल्या लेकीवर ती वेळ येऊ नये यासाठी आजच घरात बोलायला काय हरकत आहे?